मागे राहिलेली सून : लाडाई

श्रीनामदेवरायांची पुण्यतिथी आषाढ वद्य त्रयोदशीस येते. आषाढी एकादशी होऊन गेलेली असते, पौर्णिमेचा काला घेऊन दिंड्या परतीला लागलेल्या असतात, आणि गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत समाधीच्या अभंगांवर कीर्तन उभे राहते. त्या कीर्तनात नामदेवराय, गोणाई, राजाई, जनाबाई यांची नावे आपण आदराने ऐकतो. एका बाईचे नाव मात्र घाईने येते आणि घाईने जाते. ती म्हणजे नामदेवरायांची सून लाडाई. या पाठात तिचा विचार करावयाचा आहे.

तिचे चरित्र लिहावे म्हटले तर सामग्री फारच थोडी. तिचे माहेर कोणते, आईबाप कोण, लग्न कोणत्या साली झाले, काही कळत नाही. जे काही आहे ते दोन ठिकाणी आहे. एक, जनाबाईने नामदेवांच्या घरची माणसे मोजली तो अभंग. आणि दुसरे, खुद्द लाडाईच्या नावावर गाथ्यात असलेले अगदी मोजके अभंग. परंतु सज्जनहो, एवढ्यावरूनसुद्धा एक बाई डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती अशी उभी राहते की मग तिला बाजूला सारून समाधीचे कीर्तन पुरे करवत नाही.

आधी घर पाहू. जनाबाई त्या घरची दासी, पण घराचा हिशेब तिच्याइतका चोख कोणी ठेवला नाही. तिने सांगितलेली माणसे बोटांवर मोजून पाहा. दामाशेटी आणि गोणाई ही वडील जोडी. नामदेव आणि राजाई ही दुसरी. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई, आणि शेवटी स्वतः जनी. झाले पंधरा. परंपरा सांगते की शके १२७२ मध्ये, म्हणजे इ.स. १३५० साली, नामदेवरायांनी महाद्वारी सहपरिवार समाधी घेतली. पंधरांतून एक वजा करायचे. ती एक लाडाई. ती त्या दिवशी पंढरीत नव्हती. बाळंतपणासाठी तिला पाठवले होते.

चिकित्सक वाचक येथे अडवतील. नामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे समाधीच्या वेळी त्यांचे वय ऐंशीचे. मग दामाशेटी-गोणाई शंभरी ओलांडून होती काय? मुले आणि सुना यांची नावे ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने जोड्या लावण्याची चाल आहे, आणि त्याप्रमाणे लाडाई ही थोरल्या नाऱ्याची बायको ठरते. मग ऐंशी वर्षांच्या सासऱ्याची थोरली सून बाळंतपणाला कशी? प्रश्न रास्त आहेत. शिवाय नामदेवराय उत्तरेत पुष्कळ हिंडले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि तिकडील भाविक त्यांचा शेवट घुमानलाच झाला असे मानतात. हा वाद येथे सोडवण्याचा आमचा आव नाही. जनाबाईचा अभंग घरातील सगळ्यांची नावे सांगतो, त्या दिवशी कोण हयात होते याची ती खानेसुमारी नव्हे. लाडाई कोणत्या मुलाची बायको यावर आम्ही हट्ट धरणार नाही. ती स्वतः सांगते की मला बाळंतपणाला पाठवले होते, तेवढे आम्ही धरतो. बाळंतपणाला जाणारी म्हणजे अंगावर सासरचे कुंकू आणि पोटात सासरचे लेकरू असलेली बाई. वयाचा आकडा नसला तरी अवस्था स्पष्ट आहे.

आता तिचा अभंग. तो आम्ही येथे उतरवून देत नाही, गाथ्यातून काढून प्रत्येकाने स्वतः वाचावा. त्याचा आशय असा. आरंभीच ती तिथी सांगते. शक, महिना, पक्ष, दिवस आणि जागा, सगळे नेमके. शके बाराशे बहात्तर, आषाढ, कृष्ण त्रयोदशी, देवाचे दार. मग म्हणते, सगळ्यांनी विठ्ठलाला देह अर्पण केला, मज पापिणीला मात्र मागे का ठेवले? आणि अखेरीस म्हणते की मीही माझा देह विठ्ठलाला अर्पण करीन, म्हणून प्राणायाम आरंभला आहे.

वाचकहो, पहिल्या ओळीकडे पुन्हा पाहा. ज्या तिथीला आज महाराष्ट्रभर नामदेवरायांची पुण्यतिथी होते, ज्या दिवशी त्या पायरीपुढे टाळ वाजतो, ती तिथी इतक्या स्पष्टपणे सांगणारी ही सून आहे. जे गेले त्यांनी तिथी सांगितली नाही, त्यांना सांगण्याचे कारण नव्हते. जी नव्हती तिने सांगितली. आपल्या घरांतही हेच दिसते की नाही? म्हातारा कोणत्या दिवशी गेला, अमावास्या होती की चतुर्दशी, हे घरातल्या सुनेला पाठ असते. मुलगे वर्षश्राद्धाच्या वेळी तिलाच विचारतात. लाडाईने ती तिथी ऐकली असेल, घोकली असेल, आणि जपून ठेवली असेल. कीर्तनकार तिथीचा उल्लेख करतात, लाडाईचा करीत नाहीत, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे.

हा सगळा विचार मनात घोळत होता तो चुडाव्याच्या सप्ताहापासून. चुडावा हे परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यातले गाव, पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. हा सारा मुलूखच संतांच्या पायधुळीचा. नामदेवरायांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून मानले जाणारे नरसी आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचे औंढा नागनाथ ही दोन्ही गावे १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. जनाबाईचे गंगाखेड आजही परभणीतच आहे. म्हणजे चुडाव्याच्या माणसाला नामदेवांचे घर काही परके नाही. तेथे समाधीच्या अभंगावर कीर्तन झाले, आरती झाली, माणसे पांगली, आणि मंडपाच्या कडेला खांबाशी लेकरू मांडीवर घेऊन बसलेली एक तरुण सून पुढे आली. पदर सावरून म्हणाली,

“महाराज, त्या लाडाईनं सोताला पापीण का म्हनावं?”

आम्ही काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, “माझी सासू गेली तवा मी माहेरी होते. लेकरू चार दिसाचं. मला कुनी सांगितलंच न्हाई. दूध आटंल म्हनून. सव्वा महिन्यानं घरी आले तर खाट रिकामी. लेकीवानी ठेवलं व्हतं मला सासूनं. तोंड पन पाहायला मिळालं न्हाई. मग मी बी पापीणच का?”

शेजारच्या एका म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला, “माय, असं नगं म्हनू.” पण तेवढ्याने उत्तर होत नव्हते. खरे सांगायचे तर प्रश्न त्या एकटीचा नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ओल्या बाळंतिणीला वाईट बातमी सांगायची नाही, हीही रीत. त्यात माया आहे, काळजी आहे, आणि तरीही त्या रीतीमुळे कितीतरी सुनांना आपल्या माणसांचे शेवटचे दर्शन मिळालेले नाही. वारीचेही तेच. मृगाचा पाऊस पडला, कापूस-सोयाबीनची पेरणी आटोपली, की दिंडी निघते. लेकुरवाळी वेशीपर्यंत येते, बुक्का लावून घेते, आणि परत फिरून पाळण्याची दोरी हाती धरते. सासू पंढरीला जाते, सून घर राखते. पुढे सुनेची सासू होते तेव्हा तिची पाळी. मधली पंधरा-वीस वर्षे तिला वाटत राहते की आपल्या हातून काही घडत नाही.

तेव्हा लाडाईने स्वतःला पापीण का म्हटले, याचा विचार करू. संतांच्या बोलीत स्वतःला पतित, हीन, पापी म्हणण्याची रीत आहे. तेथे तो शब्द नम्रतेचा असतो. पण लाडाईचा शब्द तसा वाटत नाही. तो रडतानाचा शब्द आहे. घरातले माणूस गेले की मागे राहिलेला प्रत्येक जण म्हणतो, माझेच काही चुकले. त्या घटकेला ते खरे वाटते, म्हणून ते खरे ठरत नाही. आणि लाडाई नुसती स्वतःला बोल लावून थांबत नाही, ती देवाला विचारते, मला का ठेवलेस? हा प्रश्न आहे, कबुली नव्हे. गोणाई आणि राजाई या सासवासुनांनी विठोबाशी केलेली भांडणे ज्यांनी गाथ्यात वाचली असतील त्यांना ओळख पटेल. त्या घरच्या बायका देवाला जाब विचारीत आल्या. लाडाई त्यांचीच सून.

कोणी म्हणेल, बाळंतपण म्हणजे सुवेर. त्या अवस्थेत देवद्वार बंद, म्हणून तर तिला दूर ठेवले. या म्हणण्याला आपल्या संप्रदायातच उत्तर आहे, आणि ते नामदेव पायरीच्या समोरच आहे. महाद्वारी नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी. चोखोबांची बायको सोयराबाई. तिचे दिवस भरले, घरात काही नाही, आणि चोखोबा घर सोडून बहीण निर्मळेकडे निघून गेले. सोयराबाई एकटी. परंपरा सांगते की त्या वेळी पांडुरंग निर्मळेचे रूप घेऊन, नणंद होऊन आला आणि त्याने तिचे बाळंतपण केले. विचार करा, माउली. गर्भागाराबाहेर ज्यांना उभे केले होते त्या घरात देव सुईण होऊन शिरला. त्याने सुवेर पाळली नाही. सोवळेओवळे सांगणाऱ्याने या कथेपुढे उभे राहून बोलावे. जनाबाईने विठोबाला लेकुरवाळा म्हटले, ते उगीच नव्हे.

लाडाईच्या बाळंतपणाला देव आला अशी कथा कोणी सांगत नाही. तिच्या अभंगात तरी देव उशिरापर्यंत उत्तर देत नाही. म्हणूनच ती आम्हांस जवळची वाटते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी देव नणंदेच्या रूपाने येत नाही, खरी नणंदच येते, आणि कधीकधी तीही येत नाही.

आता अखेरच्या चरणाविषयी. प्राणायाम आरंभला, देह अर्पीन, या शब्दांवरून काही कीर्तनकार सांगतात की लाडाईनेही मग देह ठेवला, आणि तो प्रसंग मोठ्या रंगात उभा करतात. मंडपात बायका डोळ्यांना पदर लावतात, कीर्तन रंगले असे म्हणतात. आम्हांस हे पसंत नाही. अभंगात तिचा निर्धार आहे, पुढे काय झाले ते अभंगात नाही. तिच्या मांडीवर किंवा पोटात एक जीव होता, हेही त्याच अभंगावरून कळते. आणि वारकरी जेव्हा देह विठ्ठलाला अर्पण केला म्हणतो तेव्हा तो काय करतो? तुळशीची माळ घालतो, एकादशी धरतो, मुखाने नाम घेतो, आणि शेत नांगरायला जातो. अर्पण केलेला देह वापरायचा असतो. श्वास आवरून बसलेली लाडाई आम्हांस अशी दिसते की रडून रडून ऊर फुटायची वेळ आली, आणि मग तिने एकेक श्वास नामाला बांधून घेतला. हा आमचा अर्थ. दुसरा अर्थ करणाऱ्यांनी तो जरूर करावा, पण मंडपात समोर कोण बसले आहे ते पाहून करावा.

कारण एक गोष्ट आज डॉक्टर स्पष्ट सांगतात, ती पूर्वी जुन्या सुइणींनाही ठाऊक होती. बाळंतपणानंतर काही बायकांचे मन फार खचते. झोप जाते, लेकराकडे पाहावेसे वाटत नाही, जगू नये असे वाटते. हा आजार आहे आणि त्यावर औषधोपचार आहे. त्यात घरात मृत्यू झालेला असेल तर विचारूच नका. अशा बाईपुढे, मागे राहिलेलीने प्राण सोडणे हीच खरी भक्ती, असे गोड गळ्याने सांगणे म्हणजे काय करणे आहे, याचा कीर्तनकारांनी रात्री निजताना विचार करावा. आणि घरच्यांनी अशा सुनेला अंगारा लावावा, हरकत नाही, पण दवाखान्यातही न्यावे. चुडाव्याच्या त्या मुलीला आम्ही हेच निराळ्या शब्दांत सांगितले. सासूचे तोंड पाहायला मिळाले नाही, पण सासूचे नातवंड तुझ्या मांडीवर आहे, त्याचे तोंड पाहा. तिने लेकराच्या टोपडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. बोलली काही नाही.

येथे देहूकडे जाऊ, कारण लाडाईची गोष्ट तीनशे वर्षांनी पुन्हा एकदा घडली आहे. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, इ.स. १६५० मध्ये, तुकाराममहाराज वैकुंठाला गेले. त्या वेळी त्यांची बायको जिजाई, जिला आपण आवली म्हणतो, गरोदर होती. तीही मागे राहिली. तिला कजाग ठरवून लोकांनी पुष्कळ हसू केले, पण रानात डोंगरावर नवऱ्याला भाकरी कोण नेऊन देत होते, हे कोणी विचारत नाही. असो. महाराजांच्या पश्चात तिला मुलगा झाला, तो नारायण. बापाचे तोंड न पाहिलेले ते पोर वाढले. त्याच नारायणमहाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसे ज्या पालखीमागे चालतात ती पालखी अशी सुरू झाली. पुढे हैबतबाबांनी आळंदीचा सोहळा निराळा केला आणि आज दोन पालख्या निघतात, पण मूळ एकच. जिजाईने मागे राहून जे पोट सांभाळले, त्यातून ही वारी आली.

नामदेवरायांच्या घरीही असेच झाले. पंढरपुरात नामदास घराणे नामदेवरायांचे वंशज म्हणून नांदते आहे, कीर्तनाची परंपरा चालवते आहे. आता जर परंपरेप्रमाणे सगळे घर एका दिवशी पायरीशी विसावले असेल, तर वंश चालायला मागे राहिलेली एक सून हवी, आणि तिच्या पोटी लेकरू हवे. पुढच्या पिढ्यांची नावे जुळवण्याचे काम वंशावळ ठेवणाऱ्यांचे, ते आमचे नव्हे. पण पायरी आणि वंश या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायच्या, तर मध्ये लाडाईला उभे केल्यावाचून गत्यंतर नाही.

पायरीवर आपण पाय ठेवीत नाही. वाकून हात लावतो, कपाळ टेकतो आणि मग आत जातो. संतांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकावर पडावी म्हणून नामदेवरायांनी ती जागा मागितली, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे वाकताना आजवर आम्ही मनात चौदा जणांना नमस्कार करीत होतो. आता पंधरावा करतो.

येत्या त्रयोदशीस ज्या गावी समाधीचे अभंग वाचले जातील तेथे एवढे करावे. नामदेवरायांचे अभंग झाले की लगेच आरती घेऊ नये. लाडाईचा तिथीचा अभंग काढावा आणि तो एखाद्या सुनेकडून वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शेजारणीने चरण सांगावा, तिने मागून म्हणावे. त्याआधी जनाबाईचा माणसे मोजण्याचा अभंग घेतला तर फारच चांगले, कारण त्यात चारही सुनांची नावे आहेत आणि लहान मुलांना ती चटकन पाठ होतात. लेकुरवाळ्या बायांना बसायला जागा खांबाशी कडेला न देता पुढे, वीणेकऱ्याजवळ द्यावी. लेकरू रडले तर कीर्तनकाराने टाळाचा आवाज थोडा कमी करावा, आईला उठवू नये.